हिमनदीच्या तोंडाशी इतके पक्षी कशाला?

समुद्रात उतरलेल्या हिमनदीचा कडा कोसळतानाचा व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. निळ्या-पांढऱ्या भिंतीला आधी बारीक तडा जातो, मग सात-आठ मजली इमारतीएवढा तुकडा सरळ खाली येतो आणि पाणी उंच उसळतं. पाहणाऱ्याची नजर त्या तुकड्यावर खिळून राहते, ते साहजिकच आहे. पण तोच व्हिडिओ पुन्हा लावून पाण्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे नीट पाहावं. ते पक्षी असतात. आवाजानं ते उडतात खरे, पण लांब पळून जात नाहीत. तिथंच घिरट्या घालतात आणि लाट ओसरायच्या आत पाण्यावर तुटून पडतात.

वरवर पाहता ही जागा पक्ष्यांना आवडावी असं एकही कारण दिसत नाही. घरटं करायला खोबण नाही, वाऱ्याला आडोसा नाही, पाणी थंडगार आणि गढूळ, डोक्यावर कधीही सुटेल असा हजारो टनांचा बर्फ. दोन-चार किलोमीटर अलीकडे पाणी स्वच्छ आणि शांत असतं. तरी किटिवेक नावाचे कुरव, सुरय, फुल्मार हे सगळे इथंच गर्दी करतात. त्यांच्याप्रमाणेच सीलही इथं येतात, सीलच्या मागावर ध्रुवीय अस्वल येतं, आणि या सर्वांना पाहायला दर उन्हाळ्यात शे-सव्वाशे प्रवाशांची छोटी जहाजं येतात.

ही सगळी वर्दळ एकाच ठिकाणी का होते, याचं उत्तर पाण्याखाली आहे. ते समजून घ्यायला स्वालबार्डसारखी जागा नाही. नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या उत्तरेला, थेट उत्तर ध्रुवाच्या वाटेवर असलेला हा द्वीपसमूह. त्याचा निम्म्याहून अधिक भाग बर्फाखाली आहे आणि दीडशेहून अधिक हिमनद्या थेट समुद्रात उतरतात.

इतक्या उत्तरेला समुद्र मोकळा कसा?

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. स्वालबार्डचं मुख्य गाव लॉन्गयिअरब्येन ७८ अंशांवर. याच अक्षांशावर ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्याला भर उन्हाळ्यातही तरंगत्या बर्फाचे थरच्या थर वाहत असतात, आणि साध्या जहाजाला तिथं वाट मिळणं कठीण. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र जुलैमध्ये मैलोन्‌मैल मोकळं पाणी दिसतं.

हा अटलांटिकचा प्रताप. मेक्सिकोच्या आखाताकडून निघालेल्या उबदार प्रवाहाचा एक फाटा नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून उत्तरेकडे चढतो आणि त्याची शेवटची शाखा स्पिट्सबर्गन या मुख्य बेटाच्या पश्चिम कडेनं आर्क्टिक महासागरात शिरते. इथं पोहोचेपर्यंत त्याची ऊब बरीच गेलेली असते, तरी भोवतालच्या पाण्यापेक्षा तो काही अंशांनी गरम असतो. समुद्र गोठू न द्यायला तेवढं पुरतं. बेटांच्या पूर्वेला नेमकं उलट चित्र. तिकडे उत्तरेकडून थंड प्रवाह खाली येतो आणि बर्फाची शकलं घेऊन येतो. आठ-दहा दिवसांत बेटांना वळसा घालणारं जहाज त्यामुळे दोन वेगळ्या समुद्रांतून जातं. पश्चिमेला सूर्यप्रकाशात चमकणारं उघडं पाणी, तर उत्तर-पूर्वेला धुकं आणि बर्फ.

अटलांटिकच्या या पाण्याचा आणखी एक गुण पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवा. ते खारट आहे, म्हणून जड आहे. वितळलेल्या बर्फाचं पाणी गोडं आणि हलकं असल्यानं ते वर राहतं, आणि खारं उबदार पाणी त्याच्या खालून फ्योर्डमध्ये शिरतं. फ्योर्ड म्हणजे पूर्वी हिमनदीनं कोरून काढलेली आणि नंतर समुद्रानं भरलेली खोल, अरुंद खाडी. जहाजाच्या डेकवर उभ्या असलेल्या माणसाला बर्फाळ पाणी दिसतं, पण त्याच्या पायाखाली पन्नास-शंभर मीटरवर त्याहून गरम पाणी वाहत असू शकतं.

या खोल पाण्यावर भारताचीही नजर आहे. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंद या संशोधकांच्या वस्तीत ‘हिमाद्री’ हे केंद्र चालवतं. ते २००८ मध्ये सुरू झालं. तिथल्या कोंग्सफ्योर्डमध्ये २०१४ साली ‘इंडआर्क’ ही वेधशाळा पाण्यात सोडण्यात आली. समुद्रतळाला नांगरलेल्या एका उभ्या दोरावर वेगवेगळ्या खोलींवर उपकरणं बसवलेली असतात आणि ती पाण्याचं तापमान, क्षारता, प्रवाह नोंदवत राहतात. अटलांटिकचं पाणी कधी आत आलं आणि किती आत आलं, हे अशा नोंदींवरून कळतं. गोव्यातल्या संशोधकांना आर्क्टिकच्या खाडीतल्या पाण्यात एवढा रस कशासाठी, असा प्रश्न कुणाला पडेल. ध्रुवाकडचा बर्फ आणि आपला मान्सून यांचा संबंध शोधणं हा त्यांच्या कामाचा एक मोठा भाग आहे.

जहाज छोटंच का लागतं?

हजारो प्रवाशांचं महाकाय क्रूझ जहाज लॉन्गयिअरब्येनला येऊ शकतं, पण हिमनदीच्या तोंडाशी त्याचा उपयोग नाही. तिथं धक्का नाही, काही ठिकाणी पाण्याच्या खोलीची विश्वासार्ह नोंद नाही, आणि बर्फाचे तुकडे रोज जागा बदलतात. साधारण शंभर-दीडशे माणसांचं, बर्फाशी टक्कर सोसेल अशा मजबूत पत्र्याचं जहाज फ्योर्डच्या आतपर्यंत जातं आणि तिथून झोडिअ‍ॅक नावाच्या फुगवलेल्या रबरी होड्या खाली सोडतं. एका होडीत दहा-बारा जण. होडीचा तळ उथळ असल्यानं ती दगडगोट्यांच्या किनाऱ्यालाही लागते. उतरताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून थेट पाण्यात पाय टाकायचा.

हा प्रकार रुळवण्याचं बरंचसं श्रेय लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन पर्यटन व्यावसायिकाला जातं. १९६६ मध्ये त्यानं सामान्य प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेलं आणि १९६९ मध्ये खास अशा सफरींसाठी छोटं, मजबूत जहाज बांधून घेतलं. प्रवाशांसोबत जीवशास्त्रज्ञ, भूशास्त्रज्ञ, इतिहासकार न्यायचे आणि संध्याकाळी त्यांच्याकडून दिवसभर पाहिलेल्या गोष्टींचा अर्थ समजून घ्यायचा, ही पद्धत आज सगळीकडे रूढ आहे. या सफरीत वेळापत्रक बर्फाच्या हाती असतं. आज सकाळी ठरवलेली खाडी दुपारी बर्फानं बंद झालेली असू शकते, आणि मग कप्तान आणि सफरीचा प्रमुख बर्फाचे ताजे नकाशे पसरून नवा बेत आखतात. छापील कार्यक्रमाप्रमाणे सगळं व्हावं अशी अपेक्षा घेऊन जाणारा माणूस इथं दुःखी होतो.

आता कायदाही छोट्या जहाजाच्या बाजूनं आहे. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना प्रवेश नाही. या क्षेत्रांत जहाजावरच्या प्रवाशांना किनाऱ्यावर उतरायचं तर ४३ ठरावीक जागीच उतरता येतं. ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहावं लागतं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. अनेक प्रवाशांना हे अंतर फार वाटतं. पण अस्वलाला उठून चालायला लावणं म्हणजे महत्प्रयासानं साठवलेली चरबी फुकट जाळायला लावणं, हे एकदा कळलं की तक्रारीला जागा उरत नाही.

बर्फ निळा का?

फ्रीजमधला बर्फ पारदर्शक किंवा दुधट असतो, हिमालयात पडलेला ताजा हिम पांढरा असतो, आणि हिमनदीचा नुकता तुटलेला कडा गडद निळा. पदार्थ एकच, मग रंग तीन का?

ताज्या हिमात कणांच्या मध्ये भरपूर हवा असते. प्रकाश आत शिरताच बर्फ आणि हवा यांच्या असंख्य सीमांवर आपटतो आणि लगेच बाहेर फेकला जातो. सगळे रंग सारखेच परत आल्यानं तो पांढरा दिसतो. त्या हिमावर दरवर्षी नवा थर चढतो, वजनानं खालचे थर दाबले जातात, कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि हवा हळूहळू बाहेर पडते किंवा बारीक बुडबुड्यांत कोंडली जाते. शेवटी दाट, सलग बर्फ तयार होतो. आता प्रकाश आत बराच लांब जाऊ शकतो. पाण्याचा रेणू, द्रव असो वा गोठलेला, तांबडा प्रकाश किंचित शोषून घेतो आणि निळा जवळजवळ सोडून देतो. हातभर जाडीत हा फरक जाणवत नाही, कित्येक मीटर जाडीत तांबडा गळून जातो आणि निळा उरतो. कडा जितका ताजा तुटलेला आणि बर्फ जितका दाट, तितका निळा गडद. काही दिवस ऊन लागलं की पृष्ठभाग भेगाळतो, हवा शिरते आणि तोच कडा पुन्हा पांढुरका होतो.

कोंडलेल्या त्या बुडबुड्यांचा एक आवाजही असतो. झोडिअ‍ॅकचं इंजिन बंद केलं की तरंगणाऱ्या बर्फातून अखंड तडतड ऐकू येते. दाबाखाली अडकलेली हवा बर्फ वितळताच फटकन सुटते. पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून संशोधकांनी हे मोजलं, तेव्हा हिमनद्यांच्या फ्योर्ड समुद्रातल्या सर्वांत गोंगाटी नैसर्गिक जागांपैकी आहेत असं दिसलं. वर इतकी शांतता असताना खाली एवढा कल्लोळ चालू असतो.

भिंत का कोसळते?

हिमनदी स्थिर दिसते, पण स्वतःच्या वजनानं ती उताराकडे वाहत असते. कोंग्सफ्योर्डच्या टोकाची क्रोनेब्रेन ही स्वालबार्डमधल्या वेगवान हिमनद्यांपैकी एक, उन्हाळ्यात तिची गती दिवसाला काही मीटरपर्यंत जाते. वाहताना तोंडाशी बर्फ ताणला जातो आणि आडव्या खोल भेगा पडतात. म्हणून पुढची भिंत एकसंध नसते. तडे गेलेल्या सुळक्यांची ती रांग असते.

ही भिंत पाण्यावर तरंगत नाही, ती समुद्रतळावर टेकलेली असते, आणि अनेकदा पाण्यावर जेवढी दिसते त्याहून जास्त पाण्याखाली असते. तिथं ते खोलवरचं उबदार अटलांटिकचं पाणी तिला भिडतं. पायथा पोखरला जातो, वरचा भाग पुढे झुकतो आणि आधीपासूनच्या भेगेवर तुटतो. स्वालबार्डच्या तीन हिमनद्यांचा उपग्रहाच्या साहाय्यानं केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाशी बर्फ किती तुटतो हे हवेच्या तापमानापेक्षा समुद्राच्या तापमानाशी जास्त जुळतं, असं त्यात आढळलं. आपण कोसळताना पाहतो ती भिंत बहुतेक वेळा खालून कापली गेलेली असते.

होडी चालवणारे वाटाडे भिंतीपासून दोनशे मीटर किंवा त्याहून जास्त अंतर राखतात, आणि हे अंतर दुर्घटनांतून शिकलेलं आहे. २००७ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण स्वालबार्डमधल्या हॉर्नब्रेन या हिमनदीजवळ गेलेल्या एका छोट्या प्रवासी जहाजाजवळ कडा तुटला आणि अनेक प्रवासी जखमी झाले. वरून पडणारा तुकडा निदान दिसतो. पाण्याखालच्या पायथ्यातून सुटलेला तुकडा मात्र हलका असल्यानं एकदम उसळून वर येतो, भिंतीपासून बऱ्याच अंतरावरही, आणि त्याची आगाऊ सूचना मिळत नाही.

तळातून उसळणारं पाणी

आता पक्ष्यांकडे येता येईल.

उन्हाळ्यात हिमनदीच्या पाठीवर बर्फ वितळतो. हे पाणी ओढ्यांतून वाहतं आणि खोल भेगांमधून, विवरांमधून थेट हिमनदीच्या तळाला जातं. तिथं बर्फ आणि खडक यांच्या मधल्या बोगद्यांतून वाहत ते समुद्राच्या बाजूला बाहेर पडतं, भिंतीच्या पायथ्याशी, समुद्रपातळीच्या कितीतरी खाली. पण हे पाणी गोडं आहे आणि भोवतालचं खारट, म्हणून ते तिथं थांबत नाही. भिंतीला लागून जोरानं वर चढतं. चुलीवरच्या धुराड्यातून वर जाणारा धूर जसा आजूबाजूची हवा आपल्यासोबत ओढून नेतो, तसं हे पाणी चढताना खोलवरचं खारं पाणी ओढून घेतं. पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत त्यात मूळच्या गोड्या पाण्याच्या कित्येक पट समुद्राचं पाणी मिसळलेलं असतं.

त्या खोल पाण्यातच अन्न असतं. प्लवक म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारे बारीक जीव, त्यांतले तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान कवचधारी प्राणी, कोळंबीसारखे दिसणारे थोडे मोठे जीव, लहान मासे. चढत्या पाण्यासोबत ते वर फेकले जातात. खाऱ्या पाण्यात राहण्यासाठी घडलेल्या शरीराला अचानक गोडं पाणी लागलं की त्यातल्या अनेकांना धक्का बसतो. ते बधिर होतात किंवा मरतात, आणि पृष्ठभागावर तरंगू लागतात.

किटिवेकची अडचण अशी की त्याला खोल बुडी मारता येत नाही. चोच पोहोचेल तेवढ्याच पाण्यातलं तो खाऊ शकतो. सुरयही वरच्या वीतभर पाण्यातलं उचलतो. त्यांचं भक्ष्य बऱ्याचदा त्याहून खूप खाली असतं, म्हणजे त्यांच्यासाठी ते नसल्यासारखंच. हिमनदी ते भक्ष्य त्यांच्यापर्यंत आणून देते. कडा कोसळला की पाणी आणखी ढवळलं जातं, म्हणून आवाज होताच पक्षी तिकडे धावतात.

हिमनदीच्या तोंडाशी पाणी तपकिरी दिसतं, तिथंच हे पाणी वर येतं. तळाशी खडक दळून झालेलं पीठ त्यात मिसळलेलं असतं. भिंतीसमोर झोडिअ‍ॅकमध्ये बसलेल्या प्रवाशांचे कॅमेरे सहसा निळ्या कड्यावर रोखलेले असतात. जाणता वाटाडा त्यांना तो गढूळ पट्टा दाखवतो, कारण जीवसृष्टी तिथं दिसणार हे त्याला ठाऊक असतं. या गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश फार खोल जात नाही, त्यामुळे हिरव्या वनस्पतिप्लवकाची वाढ इथं न होता पुढे, गाळ बसून पाणी निवळतं तिथं होते. तळातून आलेली पोषकद्रव्यं तिथपर्यंत पोहोचलेली असतात. बेलुगा म्हणजे पांढरे देवमासे आणि कडेदार ठिपक्यांचे लहान सील याच पट्ट्यात माशांच्या मागे फिरतात.

सील, अस्वल आणि बर्फाचं छप्पर

सीलला हिमनदी आणखी एका कारणासाठी हवी असते. हिवाळ्यात फ्योर्डचं पाणी गोठतं तेव्हा हिमनदीतून तुटलेले मोठे तुकडे त्या सपाट बर्फात अडकून उभे राहतात. वाऱ्यानं उडालेला भुसभुशीत हिम त्यांच्या आडोशाला साचतो आणि तिथं ढीग होतात. मादी सील खालून, आपल्या श्वास घ्यायच्या भोकातून वर येऊन त्या ढिगात पोकळी कोरते आणि वसंतात तिथं पिल्लाला जन्म देते. छप्पर जाड असेल तर पिल्लू थंडीपासून आणि कोल्ह्यांपासून वाचतं. ध्रुवीय अस्वलाला मात्र वासावरून ती पोकळी सापडते. ते पुढच्या पायांवर सगळं वजन टाकून छप्पर फोडतं. अस्वलाच्या वर्षभराच्या खाण्याचा मोठा भाग या वसंतातल्या शिकारीतून येतो आणि त्यातली चरबीच त्याला सर्वांत महत्त्वाची.

मे-जूनमध्ये फ्योर्डमध्ये अजून गोठलेला बर्फ असतो तेव्हा जहाजावरून अस्वल दिसण्याची शक्यता बरी असते. जुलैनंतर बर्फ मागे हटतो. काही अस्वलं त्याच्यासोबत उत्तरेला जातात, काही बेटांवरच थांबतात आणि पक्ष्यांची अंडी, मेलेले देवमासे, कधी रेनडिअर यांवर दिवस काढतात. स्वालबार्डमध्ये कायम राहणारी अस्वलं अंदाजे तीनशे आहेत. १९७३ पासून त्यांच्या शिकारीवर बंदी आहे, म्हणून आज त्यांना बंदुकीपेक्षा बर्फ कमी होण्याचा धोका मोठा आहे.

वालरसची कहाणी थोडी आशादायक. सतराव्या शतकात डच आणि इंग्लिश देवमासेमाऱ्यांनी या समुद्राची लूट सुरू केली, त्यानंतरच्या तीनशे वर्षांत हस्तिदंती सुळ्यांसाठी आणि चरबीसाठी वालरस इथून जवळजवळ संपवले गेले. १९५२ मध्ये त्यांना संरक्षण मिळालं आणि ते हळूहळू परतले. आज हजारो आहेत. वाळूच्या किनाऱ्यावर एकमेकांना खेटून घोरत पडलेला त्यांचा कळप वाऱ्याच्या उलट बाजूनं, शांतपणे, अंतर राखून पाहता येतो.

हिमनद्या सोडून एकच ठिकाण सांगायचं तर हिन्लोपेन सामुद्रधुनीतला अल्केफ्येले हा पक्ष्यांचा कडा. सह्याद्रीच्या कातळाच्याच जातीचा, काळा अग्निजन्य खडक, उभा समुद्रातून वर आलेला. त्यावर साधारण साठ हजार जोड्या गिलिमॉट पक्ष्यांच्या असतात. घरटं म्हणून उघड्या कातळाची अरुंद कड. पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाही खाली समुद्रात उडी मारतं. वडील त्याच्यासोबत पाण्यात उतरतात आणि पुढचे आठवडे त्याला सांभाळत पोहत दूर नेतात. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यानंतर कडा रिकामा होतो, म्हणून त्याआधी गेलेलं बरं.

चौकट : निघण्याआधी

स्वालबार्डसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, पण तिथं जायला नॉर्वेतून जावं लागतं आणि स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. त्यामुळे भारतीय प्रवाशानं दोनदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा काढावा, नाहीतर परतीची वाट अडते. लॉन्गयिअरब्येनला साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळत नाही, झोपण्यासाठी डोळ्यांवर पट्टी जवळ ठेवावी. बर्फ आणि अस्वलं हवी असतील तर मे-जून, लांबवर जाऊन बेटांना वळसा घालायचा असेल तर जुलै-ऑगस्ट. अस्वल लांबूनच दिसणार, म्हणून कॅमेऱ्याइतकीच चांगली दुर्बीण महत्त्वाची. वस्तीबाहेर पाऊल टाकताना सशस्त्र वाटाडे पुढे जाऊन जागा तपासतात, ते हात वर करेपर्यंत होडीतच बसायचं. कपड्यांच्या चिकटपट्टीत अडकलेलं घराकडचं गवताचं बी तिकडे जाऊ नये, म्हणून जहाजावर जाकिटं आणि पिशव्या झाडून घेतात आणि बूट धुतात.

भिंत मागे सरकते तेव्हा

हिमनदी वितळली की तळातून येणारं पाणी वाढतं. म्हणून काही काळ पक्ष्यांचं आणि सीलचं बरंच चालतं असं वाटू शकतं. पण ही बरकत भिंत समुद्रात असेपर्यंतच. भिंत मागे सरकत जमिनीवर आली की तळाचा बोगदा समुद्राच्या खाली उघडत नाही. पाणी साध्या नदीसारखं वरच्या थरात येतं, खोल पाणी ओढून आणत नाही, गाळ मात्र तेवढाच आणतं. किटिवेकला वर येणारं भक्ष्य मिळत नाही आणि सीलला हिमाच्या ढिगासाठी लागणारे अडकलेले तुकडे मिळत नाहीत.

आणखी एक बदल प्लवकांतच होतो आहे. थंड आर्क्टिक पाण्यातल्या कॅलॅनस या बारीक कवचधारींच्या जाती मोठ्या आणि चरबीनं भरलेल्या असतात. अटलांटिकच्या पाण्यासोबत येणारी जात लहान आणि कमी चरबीची. लिटल ऑक हा मुठीएवढा पक्षी पिल्लासाठी गळ्याच्या पिशवीत हे प्राणी भरून नेतो. तो पुरेशी चरबी मिळवण्यासाठी जास्त फेऱ्या मारतो किंवा थंड पाणी शोधत आणखी लांब जातो.

बदलाचा वेग सांगणाऱ्या दोन नोंदी. २५ जुलै २०२० रोजी लॉन्गयिअरब्येनला २१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, तिथला तोवरचा उच्चांक. २०२४ च्या उन्हाळ्यात स्वालबार्डच्या एकूण बर्फापैकी सुमारे एक टक्का वितळला, एका मोसमात. हिमनद्या मागे हटल्यानं नकाशावर बर्फ दाखवलेल्या ठिकाणी पाणी आहे, आणि त्या पाण्याची खोली कुणी मोजलेली नाही. सावध कप्तान अशा जागी जहाज न्यायच्या आधी खोली मोजणारं यंत्र लावलेली होडी पुढे पाठवतो.

बर्फाचं हे मागे हटणं सर्वांत स्पष्ट दिसतं ते दक्षिणेकडच्या हॉर्नसुंद फ्योर्डमध्ये, जिथं १९५७ पासून पोलंडचं संशोधन केंद्र आहे. फ्योर्डच्या टोकाची हॉर्नब्रेन आणि पलीकडे पूर्वेच्या समुद्रात उतरणारी हाम्बेर्गब्रेन या दोन हिमनद्या एकमेकींना पाठ लावून आहेत. त्यांच्यामधली बर्फाची पट्टी दक्षिणेकडच्या सोरकॅप लँडला उरलेल्या स्पिट्सबर्गनशी जोडते. गेल्या शंभर वर्षांत दोन्ही बाजूंनी बर्फ मागे हटला आणि पट्टी अगदी अरुंद झाली. संशोधकांनी तिच्यावरून रडार फिरवून बर्फाखालचा तळ पाहिला, तेव्हा तो समुद्रपातळीच्या खाली आढळला. या शतकाच्या मध्याच्या आसपास ही पट्टी तुटेल असा अंदाज आहे. मग सोरकॅप लँड बेट होईल, पूर्वेच्या बॅरेंट्स समुद्राचं थंड पाणी थेट हॉर्नसुंदमध्ये शिरेल आणि आज किटिवेक जिथं घिरट्या घालतात तिथून जहाजं आरपार जाऊ शकतील.